जावईबापूंच्या नकळत

मास्तरांनी एकोणीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, मग शाळेत संगणक आले तेव्हा ते कुणीतरी शिकवायला हवेत म्हणून स्वतः शिकले, आणि शाळा सोडल्यावर सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून लोकांच्या वेबसाइट करून देऊ लागले. खाली कुणी चाकात हवा भरू लागलं की वर त्यांच्या टेबलावरचा पेला थरथरायचा. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे चुकीचं उत्तर. भाजीवाल्याच्या पाटीवरची बेरीज चुकली असली तरी ते थांबून ती दुरुस्त करायचे, मग ती त्यांच्या फायद्याची असो वा तोट्याची.

त्यांच्याकडे एके दिवशी दोन जावा आल्या. दोघी मिळून बटणांचं दुकान चालवत. बटणं, चेन, हुक, रिळं, अस्तरं, शिंप्याला लागेल ते सगळं. रस्त्यावर दुकान असं नव्हतंच, सगळी विक्री वेबसाइटवरून. एका लांबट इमारतीच्या तळमजल्यावर छतापर्यंत खणच खण, मधे टेबल, आणि टेबलाशी पॅकिंग करणाऱ्या एक बाई. थोरली जाऊ गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायची, धाकटी माल बघायची. म्हणजे गोड बोलणं एकीकडे आणि खरं बोलणं दुसरीकडे, अशी कामाची वाटणी आपोआपच झाली होती.

अडचण धाकटीने सांगितली. वेबसाइट अकरा वर्षांची जुनी. सुई शोधायला गेलं तर चेन दाखवते. एका वेळी चाळीसच्या वर माणसं आली की कोलमडते. आठवड्यातून दोनदा तरी बंद पडते. नवी करून हवी, पण ती करताना दुकान एक मिनिटही बंद राहता कामा नये.

मास्तर म्हणाले, एक दिवस बंद ठेवलंत तर काम निम्म्यात होईल. शिंपी काही एका दिवसात बटणांवाचून उघडे पडणार नाहीत.

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. मग थोरली खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाली, "मास्तर, ती वेबसाइट आमच्या जावईबापूंनी केलीय."

मग सगळं बाहेर आलं. थोरलीच्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी जावयाने ती सासूला करून दिली होती. शिवाय त्याने अशी सोय करून ठेवली होती, की वेबसाइट बंद पडली रे पडली की त्याच्या मोबाईलवर घंटा वाजे. घंटा वाजली की जावईबापू असतील तिथून निघत, येऊन खणांच्या मधे खुर्ची टाकून बसत, आणि दोन-दोन तास दुरुस्ती करत. बिचारा फार चांगला मुलगा. तोंडातून कधी चकार शब्द नाही. त्याला आता कोणत्या तोंडाने सांगायचं, की बाबा रे, तुझं काम काढून टाकतोय?

"म्हणजे सापही मरावा आणि काठीही मोडू नये," मास्तर म्हणाले.

"साप म्हणू नका हो," थोरली म्हणाली.

मास्तरांनी काम घेतलं. असं कोडं त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी घातलं नव्हतं.

त्यांनी रीत अशी ठरवली. जुन्या वेबसाइटच्या दारात एक पहारेकरी बसवायचा, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, येणाऱ्या प्रत्येकाला कुठे पाठवायचं ते ठरवणारा. मागे नवी वेबसाइट थोडी थोडी उभी करायची. आधी फक्त सुया नव्या जागी न्यायच्या. सुया मागणारा आला की पहारेकरी त्याला नव्या बाजूला पाठवील, बाकीचे जुन्याच बाजूला जातील, आणि गिऱ्हाइकाला दोन बाजू आहेत याची कानोकान खबर लागणार नाही. तेही एकदम नाही. दहांतला एक आधी नव्या बाजूला, काही बिघडलं तर लगेच मागे. सगळं नीट चाललं की अर्धे, मग सगळे. सुया झाल्या की रिळं, रिळांमागून हुक. शेवटी जुन्या बाजूला कुणीच जात नाही असं झालं की ती मालवायची.

धाकटीला हे चटकन कळलं. खण बदलताना ती तेच करायची. थोरलीने फक्त एवढंच विचारलं, की ते फिरणारं बटण राहील ना?

जुन्या वेबसाइटवर वरच्या कोपऱ्यात एक हिरवं बटण गोल गोल फिरायचं. फिरता फिरता मधेच अडखळायचं, जणू त्याला काहीतरी आठवलंय, आणि पुन्हा फिरायला लागायचं. जावईबापू कधी सहज वेबसाइट बघतील तेव्हा त्यांना ते दिसायला हवं होतं. मास्तरांनी अर्ध्या तासात छान गुळगुळीत फिरणारं बटण करून दाखवलं. थोरली म्हणाली, हे नाही ते. पुढचे चार दिवस मास्तर तेच अडखळणं बसवत राहिले. चांगली चालणारी गोष्ट लंगडी करणं किती अवघड असतं, हे त्यांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी समजलं.

सुया गेल्या, रिळं गेली. हुकांच्या दिवशी मात्र बाका प्रसंग आला. मास्तर टेबलाशी बसून पहारेकऱ्याला नवी सूचना देत होते, आणि नेमका तेव्हाच थोरलीचा फोन वाजला. जावईबापू. पॅकिंगच्या बाईंनी हातातली चिकटपट्टी तशीच ताणून धरली. थोरलीने फोन कानाला लावला आणि समोरचा काही बोलायच्या आत म्हणाली, "नाही हो, काही बंद नाही इथे. सगळं आहे तसंच आहे. कुणीही आलेलं नाही."

तो बिचारा रविवारी जेवायला येऊ का, एवढंच विचारत होता.

धाकटी नंतर म्हणाली, जाऊबाई, तुम्हाला कुणी चोरीत सोबत घेऊ नये. थोरलीचं म्हणणं असं पडलं, की ती जावयाच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलत होती, सवय व्हायला वेळ लागणारच.

तिसऱ्या महिन्यात बटणांची पाळी आली, आणि तिथे मास्तरांना ती चूक सापडली. गिऱ्हाईक बारा बटणं मागायचं, पण पॅकिंगच्या टेबलावर जी चिठ्ठी छापून निघायची तिच्यावर तेरा असायची. सहा मागितली तर सात. जावईबापूंनी मोजणी शून्यापासून सुरू केली होती आणि बारापर्यंत नेली होती, आणि शून्य ते बारा म्हणजे तेरा होतात हे काही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. अकरा वर्षं प्रत्येक ऑर्डरीबरोबर एक बटण जास्त जात होतं. मास्तरांनी पॅकिंगच्या बाईंना विचारलं, तुम्हाला कधी शंका आली नाही? त्या म्हणाल्या, चिठ्ठीत जे असतं ते मी भरते. मालकांच्या मनात काय आहे ते मी कशाला विचारू?

मास्तरांनी ती चूक नव्या बाजूला आणली नाही. आणि कुणाला सांगितलंही नाही, कारण सांगितलं असतं तर ती जावयाची चहाडी झाली असती. आपण एक चुकीचं उत्तर गुपचूप बरोबर केलं, या समाधानात ते आठवडाभर होते.

मग फोन यायला लागले. आधी एका म्हाताऱ्या शिंप्याचा, मग लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या एका बाईंचा, मग रोज पाच-सहा. तक्रार करायला कुणी फोन करत नव्हतं. सगळे काळजीनेच विचारत होते. घरी सगळं ठीक आहे ना? दुकान कुणी दुसऱ्याने घेतलं का? म्हाताऱ्या शिंप्याने तर पत्रच पाठवलं. त्यात लिहिलं होतं, की कोट शिवताना एक बटण घरंगळून कपाटाखाली जातंच, आणि हे ओळखून न मागता एक जास्त घालणारं जगात एकच दुकान होतं. आता तेही हिशेबी झालं, याचं वाईट वाटलं.

थोरलीने ते पत्र दोनदा वाचलं. गेली अकरा वर्षं लोक फोनवर तिला म्हणायचे, तुमचं मन मोठं आहे हो. तिला वाटायचं, आपण गोड बोलतो म्हणून म्हणत असतील.

मास्तरांना सगळं कबूल करावं लागलं. त्यांनी फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं शून्य ते बारा बोटांवर मोजून दाखवलं. धाकटी इतकी हसली की तिला खणाचा आधार घ्यावा लागला. थोरली हसली नाही. ती म्हणाली, "मास्तर, ते एक बटण परत घाला."

"पण ती चूक आहे," मास्तर म्हणाले.

"असू दे. आमची आहे."

मास्तर घरी गेले. बायकोला त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, मी आयुष्यात जाणूनबुजून चुकीचं उत्तर लिहिलेलं नाही. बायको म्हणाली, मग बरोबर उत्तर तेरा समजा आणि जेवायला बसा. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते बटण परत घातलं. फक्त त्या ओळीशेजारी, पुढे कधी कुणी प्रोग्राम उघडला तर त्याला कळावं म्हणून, एक टीप लिहिली: ‘हे तेरा आहेत हे मला माहीत आहे.’

त्यानंतर कामाला वेग आला. बटणं, चेन, अस्तरं, सगळं नव्या बाजूला आलं. जुन्या बाजूला दिवसभरात कुणी फिरकेनासं झालं, आणि एका बुधवारी, अकराच्या सुमारास, जावईबापू न सांगता दारात उभे राहिले.

थोरलीने त्यांना बघितलं आणि ती चहा टाकते म्हणून जी आत गेली ती गेलीच. धाकटीने खणात डोकं घातलं. मास्तर पॅकिंगच्या टेबलाशी रंगेहाथ सापडले. जावईबापू हडकुळे, पुढे थोडे वाकलेले, चाळिशीच्या आसपासचे. त्यांनी खिशातून मोबाईल काढून टेबलावर ठेवला.

"हा बिघडलाय असं वाटून मी दुरुस्तीला नेला," ते म्हणाले. "दुरुस्तीवाला म्हणतो, काही झालेलं नाही. नऊ आठवडे हा वाजलेला नाही. तुम्ही काढून टाकलीत का माझी वेबसाइट?"

मास्तरांना खोटं बोलता येत नव्हतं. ते म्हणाले, "जवळजवळ सगळी."

जावईबापू एका खोक्यावर बसले. आता हे रडतात की ओरडतात, ते मास्तरांना कळेना. मग त्यांनी विचारलं, "परत लावावी नाही ना लागणार?"

"नाही."

"मी अकरा वर्षं मोबाईल आंघोळीला बरोबर नेतोय हो," जावईबापू म्हणाले, आणि त्यांचे खांदे एकदम सैल झाले.

मग ते बोलत सुटले. ते संगणकातले नव्हतेच. ते रंगाच्या कारखान्यात होते, नमुन्यासारखा रंग जुळवायच्या कामावर. लग्न ठरताना कुणीतरी, कुठल्यातरी बोलण्यात, त्यांच्या कामावर संगणक असतो एवढं सांगितलं, आणि सासूबाईंनी गावभर सांगितलं की आमचा जावई संगणकातला. मग एक दिवस त्या म्हणाल्या, आम्हाला वेबसाइट करून द्याल का? नाही कसं म्हणणार? पुस्तक आणून तीन महिन्यांत शिकले. जे जमलं ते केलं. प्रत्येक वेळी घंटा वाजली की त्यांना वाटे, आज उघडं पडणार.

आतल्या दारातून थोरली आली. तिच्या हातातला चहा केव्हाच निवला होता, म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं. ती जावयासमोर उभी राहिली.

"एवढं होतं तर बोलायचं ना."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, आई."

"आणि आम्ही पाच महिने तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून चोरासारखे वागतोय," थोरली म्हणाली आणि खुर्चीत बसली. धाकटीने खणातून डोकं काढून सगळ्यांसाठी पुन्हा चहा टाकला.

उरलेली जुनी बाजू मालवायचं काम जावईबापूंनी स्वतः मागून घेतलं. मास्तरांनी त्यांच्या शेजारी बसून कुठली कळ दाबायची ते दाखवलं. नव्या बाजूला त्याच मिनिटात तीन ऑर्डरी येऊन गेल्या. एकाही गिऱ्हाइकाला काही समजलं नाही.

त्याच दुपारी धाकटी एक मोठा डबा घेऊन वैतागली होती. त्यात निरनिराळ्या गठ्ठ्यांतली पांढरी शर्टाची बटणं एकत्र सांडली होती आणि नुसत्या डोळ्यांनी तिला ती काही वेगळी करता येत नव्हती. सगळी पांढरीच. जावईबापू येऊन शेजारी उभे राहिले. त्यांनी एक बटण उचलून खिडकीकडे धरलं, दुसरं धरलं, म्हणाले ही दोन एक नाहीत. यात पिवळ्याचा थेंब आहे, त्यात निळ्याचा. मग बाह्या सारून त्यांनी टेबलावर ढीग लावायला सुरुवात केली. पाच वाजेपर्यंत अकरा प्रकारचे पांढरे झाले. धाकटीने प्रत्येक ढिगाला नाव काय द्यायचं ते विचारलं, आणि ते दोघं त्यावर वाद घालत असताना मास्तर आपली पिशवी उचलून निघाले.

आता दर बुधवारी जावईबापू येतात. खुर्ची तिथेच, खणांच्या मधे. थोरली फोनवर गिऱ्हाइकांना सांगते, की पांढऱ्या बटणांचं काही विचारायचं असेल तर बुधवारी करा, आमचा जावई रंगातला आहे.