जुनेवाल्या चाचांचं कटर

जुनेवाले चाचा गिऱ्हाइकाचा हात बघितल्याशिवाय मशीन विकत नसत. तळवा उजेडात धरायचे, अंगठ्याच्या बुडाचा घट्टा दाबून बघायचे, नखं बघायचे आणि मग सांगायचे की हा माणूस रंध्यावर जास्त चालतो की करवतीवर. माझा हात पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाले, "मिस्त्री, डावीकडं लई जोर देता तुमी. खांदा दुखत असंल." दुखत होता. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं मी. एखादा मऊ तळव्याचा ठेकेदार गाडीतून उतरून आला, की चाचा त्याला आधी पाणी पाजायचे आणि परत पाठवायचे. ज्याच्या हातात मशीन चालणार हाय त्याला घेऊन या, म्हणायचे. असा धंदा करतात होय? पण ते तसाच करायचे.

बीडमध्ये एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं, मागं घर. कटर, रंधा, ड्रिल अशा लाकूडकामाच्या विजेवरच्या जुन्या मशिनी ते विकत घ्यायचे, पार खोलायचे, आतलं झिजलेलं सगळं बदलायचे आणि विकायचे. किंमत मात्र अशी सांगायचे की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. नव्यापेक्षा थोडीशीच कमी. कुणी घासाघीस करायला लागलं की चाचा एक कापडी पिशवी पुढं ठेवायचे. त्या मशीनमधून काढलेलं बेअरिंग, मोटारीचे झिजलेले कार्बन, जळकी वायर, सगळं त्या पिशवीत असायचं, आणि मशीनबरोबर ती पिशवीही गिऱ्हाइकाला मिळायची. "आत काय घातलं ते मी सांगितलं तर तुमी कशाला मानाल? काय काढलं ते बघा."

आणि रंग. रंगाचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. जुन्या मशिनी विकणारे बाकीचे लोक बाहेरून चकाचक रंग मारून मोकळे व्हायचे. चाचांची मशीन दिसायला जुनी ती जुनीच राहायची. खरचटलेली, उडालेल्या रंगाची, कुणा आधीच्या मालकाचं नाव कोरलेलं असेल तर त्या नावासकट. मी एकदा म्हटलं, चाचा, जरा हात फिरवला तर काय बिघडलं? तर म्हणाले, "हळद नवरीला लावा बाबा, मशीनला न्हाई. रंगाखाली काय हाय ते रंगवाल्यालाच ठाऊक." मी हसलो होतो.

मी नेकनूरचा सुतार. त्या वर्षी सलग दुसरा पाऊस गेला होता. शेतं पडून, मग नवा औत कोण करणार आणि वखराचा दांडा कोण बदलणार? टँकर आला की बाया हंडे घेऊन पळायच्या आणि आम्ही सुतार पारावर बसून वाळलेल्या झाडांकडं बघायचो. लिंब, बाभळी उभ्या जागी वाळून चालल्या होत्या. लाकूड लई, काम शून्य. तेव्हा आमच्यातल्याच एका खटपट्या माणसानं आजूबाजूच्या गावांतले वीस-बावीस सुतार गोळा करून सहकारी सोसायटी काढली. तोच चेअरमन झाला. घरकुलांच्या चौकटी आणि दारं करायचं काम मिळालं. हाताच्या करवतीनं ते वेळेत होणार नव्हतं, म्हणून सोसायटीनं गोल ब्लेडचं एक कटर घ्यायचं ठरलं.

चाचांचंच घ्यायचं, असा हट्ट मी धरला. बैठकीत गोंधळ झाला. जुन्याला एवढे पैसे मोजायचे तर त्यात थोडे घालून नवंच का नको, असं सगळे म्हणायला लागले. मी जीव तोडून सांगितलं की त्या पैशात येणारं नवं हलकं असतं, आपल्या वाळक्या लिंबाच्या गाठीत ते महिनाभर टिकणार नाही. चाचांनी बांधलेलं जुनं वजनी कटर दहा वर्षं हू की चू करणार नाही. शेवटी मंडळी कशीबशी तयार झाली. पण उठता उठता कुणीतरी माझ्या कानावर जाईल एवढ्या आवाजात बोललंच, की यात मिस्त्रीचं काहीतरी कमिशन असणार.

ते मला फार लागलं. तसल्या गोष्टी मी कधी केल्या नाहीत. कटर आणायला गेलो तेव्हाही डोक्यात तेच घोळत होतं. चाचांनी माझा हात पुन्हा एकदा बघितला, मुठीला माझ्या मापानं रबर चढवलं, आणि ब्लेडवरचं गार्ड मला दहादा हलवून दाखवलं. कापताना हे गार्ड मागं सरकतं आणि लाकूड संपलं की स्प्रिंगच्या जोरानं खटकन पुढं येऊन ब्लेड झाकतं. "मिस्त्री, हा खटका ऐकू आला न्हाई तर मशीन खाली ठेवायची न्हाई," असं त्यांनी बजावलं. मी हो हो केलं. माझं लक्ष त्या कटरच्या खरचटलेल्या अंगाकडं होतं. सोसायटीत हे पुढं ठेवलं की लोक काय म्हणतील, एवढंच मला दिसत होतं.

दोन दिवसांनी चेअरमननं उद्घाटन ठेवलं होतं. पुढारी येणार, नारळ फुटणार. कटर तोवर माझ्या घरीच होतं, कुणी बघितलं नव्हतं. आदल्या दिवशी मी दारांसाठी आलेल्या हिरव्या ऑइलपेंटचा डबा उघडला. कुणी सांगितलं नव्हतं मला. ब्लेडला कागद गुंडाळला, अंगाला दोन हात दिले, गार्डलाही दिले. अंगणात वाळत ठेवलं तेव्हा नव्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी त्याला हार घातला, आणि ज्यानं कमिशनची गोष्ट काढली होती तोच वाकून बघत म्हणाला, माल किमतीचा दिसतोय बरं का. माझी छाती फुगली. मूर्ख माणूस मी.

रंग गार्डच्या सांध्यात उतरला होता. उन्हाच्या तावात तो चिकट होऊन बसला. पहिले काही दिवस गार्ड जरा दमानं पुढं यायचं, मला ते जाणवतही होतं, पण काम अंगावर होतं. आठव्या दिवशी लिंबाची चौकट कापली, लाकूड संपलं, आणि खटका झालाच नाही. सवयीनं मी कटर खाली टेकवलं. उघडं ब्लेड फिरतच होतं, ते जमिनीला लागून उसळलं आणि लाकूड उचलायला पुढं केलेल्या हातावर आलं. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट, दोन्ही गेली.

चाचा दवाखान्यात आले तेव्हा त्यांच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती. पलंगाशी बसले. माझा डावा हात बांधलेला. सवयीनं असेल, त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला आणि तळवा उजेडाकडं फिरवला. बराच वेळ बघत राहिले. मग मलाही दिसलं. नखांच्या कडेला हिरवा रंग तसाच होता. ऑइलपेंट तो, लवकर निघतोय कुठं?

त्यांनी हात अलगद चादरीवर ठेवला आणि विचारलं, "दवाखान्याचं कोण बघतंय?"

म्हटलं, सोसायटी. सोसायटीच्या कामावर, सोसायटीच्या मशीननं झालं म्हणून.

"बरं हाय," म्हणाले, आणि मोसंबी सोलायला घेतली.

मी घरी आल्यावर चेअरमननं बैठक बोलावली आणि चाचांना बोलावणं धाडलं. सोसायटीच्या खोलीपुढं सगळे बसले होते. मी हात गळ्यात बांधून पुढच्या रांगेत. कुणी काय काय बोललं ते सांगत नाही, जुना माल, भंगार, लूट, सगळं झालं. चाचा उभे राहून ऐकत होते. मग त्यांनी कटर उचललं, बोटानं गार्ड मागं ओढलं आणि सोडलं. गार्ड मागंच राहिलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बोललो असतो तर तिथंच सगळं मिटलं असतं. पण मीच रंग दिला म्हटल्यावर माझ्या औषधपाण्याचं काय, घरात दोन वेळचं काय, आणि वीस माणसांत माझी काय पत राहिली असती? मी मान खाली घातली.

चाचा म्हणाले, "मशीन माझ्या दुकानातून आली. मी परत नेतो. पैसे उद्या पोचते होतील."

पैसे दुसऱ्या दिवशी पोचते झाले. आणि बातमी त्याच्याही आधी चौसाळ्यापर्यंत पोचली, की जुनेवाल्याच्या मशीननं नेकनूरच्या सुताराची बोटं खाल्ली. मला बघून लोक हळहळायचे आणि चाचांच्या नावानं बोटं मोडायचे. मी ऐकून घ्यायचो. कधी कधी मानही हलवायचो, हे लिहिताना लाज वाटते. दुष्काळात तसंही गिऱ्हाईक कमी, त्यात हे. वर्षभरात दुकानाचं शटर अर्धंच उघडं दिसायला लागलं, मग तेही बंद झालं. बीडला गेलो की मी त्या बोळावरून जायचं टाळायचो.

पुढं काही वर्षांनी चाचा वारले, ते मला दीड महिन्यानं कळलं. तेव्हा गेलो. जिवंतपणी जायची हिंमत झाली नाही, मेल्यावर झाली. दार चाचींनी उघडलं. मी त्यांना कधी समोरासमोर बघितलं नव्हतं, पण त्यांनी माझा हात बघितला आणि मला ओळखलं. आत बसवलं, पाणी दिलं आणि पदर डोळ्यांना लावून माझीच माफी मागायला लागल्या. आमच्या मशीननं तुमचा हात गेला, आमचे हे शेवटपर्यंत त्या कटरपाशीच बसून असायचे, असं म्हणाल्या. मग आतून ते कटर घेऊन आल्या. नेकनूरचा मिस्त्री कधी आला तर त्याला द्यायचं, असं चाचा सांगून गेले होते.

कटर पूर्वीसारखं दिसत होतं. खरचटलेलं, जुनं, कुठंही हिरवा ठिपका नाही. गार्ड ओढून सोडलं, खटकन पुढं आलं. मूठ बदललेली होती. डाव्या हाताला तीन बोटं असलेल्या माणसाला नीट धरता यावी, अशी बांधली होती. बरोबर नेहमीची कापडी पिशवी. सोडून बघितली. आत बेअरिंग नव्हतं, कार्बन नव्हते. हिरव्या रंगाच्या खपल्या होत्या, सांध्यातून टोकरून टोकरून काढलेल्या, मूठभर.

"हे काय हाय?" चाचींनी विचारलं.

मी सांगितलं. रंग हाय. मी लावलेला. त्यांनी नको म्हणून सांगितलं असताना. पहिल्यांदा तोंडातून निघालं ते, आणि निघाल्यावर मला रडू आवरेना. चाचींनी एक खपली उचलून उजेडात धरली. त्यांनी इतकी वर्षं आपल्या नवऱ्याच्या हातचं काम वाईट निघालं असंच धरलं होतं.

"ते न्हाई बोलले," त्या म्हणाल्या. "तुमी तरी बोलायचं होतं."

तिथून मी थेट सोसायटीकडं गेलो, त्या बैठकीनंतर पहिल्यांदाच, निदान आता तरी सगळ्यांपुढं सांगावं म्हणून. तर खोलीला कुलूप आणि पाटी कधीच उतरलेली. चौकटींचं काम संपलं तशी सोसायटीही विरून गेली होती, निम्मे लोक ऊसतोडीला गेले ते फिरकलेच नाहीत. बाकीचे आपापल्या गावांत पांगलेले. ज्यांच्यापुढं सांगायचं ती बैठकच उरली नव्हती.

ते कटर अजून माझ्याकडं आहे, रोज चालतं. नव्या पोरांना पॉवर टूल घ्यायचं असतं, ती मला विचारायला येतात, की जुनी नीट केलेली मशीन एवढ्या किमतीला घ्यावी का? आणि विचारता विचारता हळूच माझ्या हाताकडं बघतात. मी पिशवी सोडून त्यांच्यापुढं ठेवतो. रंग कुणी लावला ते आधी सांगतो, किमतीचं नंतर.