चहाच्या पाण्यातलं दुपटं

सिनेमावाले गल्लीत आले तेव्हा लाँड्रीवाल्या काकूंनी ठरवून टाकलं होतं की मान वर करून बाहेर बघायचं नाही. गल्ली मात्र नुसती हरखून गेली होती. दुकानांच्या नव्या पाट्या उतरवून जुन्या वळणाच्या चढवत होते, भिंतींना काजळी फासत होते, आणि कोपऱ्यावर एक रणगाडा आणून उभा केला होता. रणगाडा लाकडाचा होता, पोरं त्याच्यावर चढून बसत होती. तरी नको नको म्हणताना काकूंचं लक्ष तिकडे गेलंच, हातातली इस्त्री जागच्या जागी राहिली आणि गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची कॉलर करपली. एवढ्या वर्षांत काकूंच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

सिनेमा हुकूमशहाच्या शेवटच्या दिवसांवरचा होता. त्याचं तळघर, त्याचे सेनापती, त्यांची आपसातली भांडणं, ते सगळं दुसरीकडे कुठेतरी करणार होते. गल्लीत एकच प्रसंग होता. शहराच्या वेशीवर तोफा वाजताहेत, लोकांची पाचावर धारण बसली आहे, आणि अशात एक साधा लाँड्रीवाला खिडकी उघडून शरणागतीची पहिली पांढरी चादर बाहेर टांगतो आणि पकडला जातो. हा लाँड्रीवाला म्हणजे काकूंचा नवरा.

ही गोष्ट जगाला सांगितली समोरच्या न्हाव्याने. त्या दिवशी तो पडद्याआड उभा होता, तेव्हा बघितलं त्याने खरंच. पण वस्तरा हातात असला की न्हाव्याच्या जिभेला आवर नसतो आणि गिऱ्हाइकाला मान हलवायची सोय नसते. दर हजामतीगणिक गोष्टीला तिखटमीठ लागत गेलं. आधी लाँड्रीवाल्याने नुसती चादर टांगली होती. मग त्याने टांगताना आकाशाकडे बघितलं. मग तो काहीतरी बोलला. शेवटी भिंतीवर त्याच्या नावाची दगडी पाटी बसली, आणि आता सिनेमा.

खरं काय झालं ते फक्त काकूंना ठाऊक होतं, आणि त्यात ना आकाश होतं ना निशाण.

शेवटच्या त्या महिन्यात हुकूम निघाला होता की रस्त्याच्या बाजूला पांढरं कापड दिसता कामा नये. पांढरं दिसलं की फितुरी. आता कापडं तर वाळवायलाच हवीत, म्हणून घरोघर बायका चादरी, उशांचे अभ्रे चहाच्या पाण्यातून काढायला लागल्या. लाँड्रीत तर चहाचं पातेलं दिवसभर चुलीवर असायचं. धुवायचं, पिळायचं, चहात बुडवायचं, मग बाहेर घालायचं. नवरा वैतागायचा. म्हणायचा, "जन्मभर लोकांचे डाग काढले, आता आपल्याच हाताने डाग पाडतोय."

त्या सकाळी काकूंचा नुकता कुठे डोळा लागला होता. पोरगी चार महिन्यांची, रात्रभर रडून तिने घर डोक्यावर घेतलं होतं आणि पहाटे दुपटं घाण करून शांत झोपली होती. नवऱ्याने बायकोला उठवलं नाही. दुपटं त्यानेच सोड्यात उकळलं. हात चोख होता त्याचा, डाग गेल्याशिवाय सोडायचा नाही. मग त्याने ते चहात बुडवलं. पण चहाची पूड मिळेनाशी होऊन किती दिवस झाले होते! तीच ती पूड उकळून उकळून पाणी नुसतं नावाला चहाचं राहिलं होतं. ओलं दुपटं तपकिरी दिसत होतं खरं. त्याने ते अंथरुणाशी आणून विचारलं, "बघ गं, रंग धरलाय ना?"

"धरलाय," काकू डोळे अर्धवट उघडून म्हणाल्या होत्या.

"मग घालतो. दुपारपर्यंत वाळेल."

ते वाळलं. ओल्या कापडाचा रंग गडद दिसतो हे ज्याचा तो धंदा आहे त्याला सांगावं लागत नाही, पण दमलेलं माणूस विसरतं. ऊन चढत गेलं तसा रंग उडत गेला, आणि शिपायांची गस्त आली तेव्हा अख्ख्या गल्लीत तेवढी एकच गोष्ट पांढरीशुभ्र होती. शिपायांनी त्याला नेलं, पुरावा म्हणून दुपटंही नेलं. जाताना तो सारखं एकच म्हणत होता, "अहो, चहात बुडवलंय, वास घेऊन बघा!" त्याच आठवड्यात शहर पडलं. तो काही परत आला नाही.

काकूंनी हे कुणाला सांगितलं नाही. आधी बोलायची शुद्धच नव्हती, आणि शुद्ध आली तोवर न्हाव्याची गोष्ट गल्लीभर झाली होती. पुढे पोरगी मोठी झाली, तेव्हा तर काकूंनी तोंडाला कुलूपच घातलं. मुलगी फार मनाला लावून घेणारी. मांजर मेलं तरी दोन दिवस जेवायची नाही. तिला काय सांगणार, तुझे बाबा तुझ्या दुपट्यापायी गेले म्हणून? तसं बघितलं तर त्यात लेकराचा काय दोष? पण काकू स्वतःच्या त्या एका "धरलाय"चं ओझं अजून वाहत होत्या. ते कसं असतं ते त्यांना चांगलं माहीत होतं. तसलं ओझं त्यांना पोरीच्या डोक्यावर द्यायचं नव्हतं.

दिग्दर्शक एकदा लाँड्रीत येऊन बसला. माणूस नम्र होता. "आजी, काही चुकत असेल तर सांगा," म्हणाला. "तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

आपला माणूस जसा होता तसा एकदा तरी कुणाला दिसावा, असं त्यांना फार वाटलं. त्या म्हणाल्या, "चादर एवढी मोठी नव्हती."

"लहान कापड कॅमेऱ्यात दिसत नाही, आजी."

"मग असू दे," काकू म्हणाल्या आणि दुसरा सदरा घेतला.

चित्रीकरण झालं ते त्यांच्याच खिडकीत. नट उंचापुरा, रुबाबदार. त्याने खिडकी धाडकन उघडली, छाती पुढे काढली, चादर झटकली आणि म्हणाला, "आज मी घाबरणार नाही!" मग शिपाई आले, त्याला ओढत घेऊन गेले. दिग्दर्शकाचं समाधान होईना. पुन्हा खिडकी, पुन्हा चादर, पुन्हा शिपाई. काकू आतल्या खोलीत कपड्यांच्या ढिगावर बसून होत्या आणि दर वेळी जिन्यावर बूट वाजले की घडी घातलेला कपडा मोडून पुन्हा घडी घालत होत्या. न्हावी खाली उभा राहून रुमाल ओला करत होता. त्याने इतक्यांदा सांगितली होती की ती गोष्ट त्याला स्वतःलाच खरी वाटत होती. काकूंना त्याचा राग येत होता आणि कीवही.

सिनेमा लागला तेव्हा मुलगी आईला हाताला धरून घेऊन गेली. चाळिशी उलटलेली मुलगी, शाळेत शिकवते, वर्गातल्या पोरांना बाबांची गोष्ट सांगते. पडद्यावर खिडकी उघडली आणि तिने काकूंचा हात घट्ट धरला. चादर वाऱ्यावर फडफडली, पडदाभर नुसतं पांढरं झालं. थिएटरात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काकूंनी नटाच्या तोंडाकडे बघितलंच नाही, त्या चादरीकडे बघत राहिल्या.

बाहेर आल्यावर मुलीने डोळे पुसले. मग तिने विचारलं, "आई, खरं सांग. बाबा घाबरले नव्हते ना?"

"नाही गं. चादर घालताना अजिबात नाही."

हे खरं होतं. घाबरावं असं काही आहे हेच त्याच्या गावी नव्हतं. मुलीचा ऊर भरून आला. आईच्या खांद्यावरचा पदर सारखा करत ती हसली, आणि हसता हसता तिने सहज विचारलं, "आणि ती चादर कुणाची होती गं? आपली होती?"

रस्ता ओलांडायचा होता. काकूंनी लहानपणी धरायच्या तसं तिचं मनगट धरलं.

"गिऱ्हाइकाची होती," त्या म्हणाल्या. "चल, गाडी येतेय."