लाटव्हियातली कबर आणि दादाचं स्मारक

माझी लेक लाटव्हियात डॉक्टरकी शिकते. गेल्या उन्हाळ्यात मी बारामतीजवळच्या कन्हेरीहून तिच्याकडे जाऊन आले. ती ज्या म्हाताऱ्या बाईंकडे खोली घेऊन राहते, त्या एका सकाळी आम्हाला गावाबाहेरच्या कबरस्तानात घेऊन गेल्या. बरोबर बादली, ब्रश आणि एक छोटं दाताळं.

उंच झाडांच्या गर्दीत एक करडा दगड होता. "हा त्यांचा थोरला भाऊ," लेक म्हणाली. "दुसऱ्या महायुद्धात जंगलात लपून जर्मनांशी लढायचा. तिथंच मारला गेला. ह्या तेव्हा लहान होत्या."

बाई स्टुलावर बसून शेवाळ घासू लागल्या आणि दगडाशी बोलू लागल्या. यंदा सफरचंदं कमी लागली, असं त्याला सांगत होत्या म्हणे. मी ब्रश मागितला. त्यांनी लगेच दिला.

"तुझं आहे का कुणी असं?" लेकीकरवी त्यांनी विचारलं.

"दादा. फौजेत होता, सीमेवर लढताना गेला. माहेरी त्याचं स्मारक आहे."

"ते कोण धुतं?"

पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीचा शिपाई धुतो, साहेब हार घालतात, आम्ही डोक्यावर पदर घेऊन खुर्च्यांवर बसतो. आमचा हात त्या दगडाला कधी लागलेलाच नव्हता.

परत आल्यावर एका साध्याच दिवशी मी बारामतीहून माहेरची, निमगाव केतकीची एसटी धरली. वहिनी दारात मेथी निवडत होती.

"वन्सं, आज अचानक? काय हाय आज?"

"काय न्हाय. दादाचं स्मारक धुवायचंय. चल."

ती मेथी तशीच ठेवून उठली.

स्मारक शाळेजवळ आहे. भोवती लोखंडी जाळी, तिला कुलूप. किल्ली ग्रामपंचायतीत. शिपाई अवघडून म्हणाला, "सरपंचांना इचारावं लागंल, काकी."

"माझ्या नवऱ्याकडं जायला मी कुणाला इचारू?" वहिनी म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं. त्यानं किल्ली दिली.

आम्ही पाणी ओतलं, घासलं. नावाच्या अक्षरांत धूळ बसली होती, ती वहिनीनं पदराच्या टोकानं काढली. काढता काढता एकदम हसली.

"लई खोडील होतं तुमचं दादा. पहिल्या रजेला बायकूसाठी काय आणावं? फौजेतलं बूट! म्हणं, रानात घाल, काटं लागायचं न्हाईत."

"घातलंस व्हय?"

"घातलं की. खुरपायला गेलं की बायका पोट धरून हसायच्या."

इतक्या वर्षांत दादाविषयी ती माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. मीही कधी विचारलं नव्हतं. तिच्या तोंडी तो नेहमी 'शहीद' असायचा, सगळ्यांच्या असतो तसा. त्या दुपारी ती फक्त नवऱ्याबद्दल बोलत होती.

निघताना तिनं कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. ग्रामपंचायतीनं नंतर इंदापुरातून दुसरी करून आणली म्हणे.