मी घरी नाही, बोला

मेहुण्याने सुरतेहून कॉर्डलेस फोन आणून दिला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की आपला आवाज घरात ठेवून आपण बाहेर जाऊ शकतो. फोन कोणी उचलला नाही, तर त्यातलं यंत्र आपण भरून ठेवलेलं बोलणं ऐकवायचं, मग शिट्टी द्यायचं आणि समोरच्याचा निरोप मिनिटभर टिपून घ्यायचं. शहाद्यातल्या आमच्या गल्लीत असलं काही कोणाकडे नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये राजाचं काम केलेला माणूस मी. घरच्यांना स्वयंपाकघरात कोंडलं, तीनदा खाकरलो आणि खर्जात भरलं, “नमस्कार. मी बोलतोय. आम्ही घरी नाही. आपण बोला.”

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीच्या स्थळाचा निकाल यायचा होता. आधीची दोन स्थळं तिनेच परतवली होती. हा प्रकाशा गावचा मुलगा मात्र तिच्या मनात भरला होता. ती तसं बोलली नाही, पण विषय निघाला की पाणी प्यायला उठायची. मुलाच्या घरी शब्द चालायचा तो त्याच्या मोठ्या काकांचा. त्यांनी गुरुवारी फोन करतो म्हणून सांगितलं होतं, म्हणून बुधवारी आम्ही सगळे निर्धास्तपणे धानोऱ्याला एका बारशाला गेलो.

दिवस कलता परतलो तर यंत्राचा लाल दिवा लुकलुकत होता. सहा निरोप. बहीण चपला न काढताच येऊन उभी राहिली.

पहिलाच आवाज काकांचा. “राम राम पाव्हना. घरमा बठ्ठा खुशाल शेतस ना?” पुढे काहीच नाही. मागे दुकानाच्या तराजूची खणखण आणि काकांचा श्वास. मिनिट संपलं. दुसऱ्या निरोपात त्यांनी पाऊसपाणी विचारलं आणि पुन्हा थांबले. तिसऱ्यात आमच्या म्हशीची चौकशी आणि तेवढीच शांतता.

आम्ही चक्रावलो. बायको म्हणाली, नकार द्यायचा असला की माणूस असाच म्हशीपासून सुरू करतो. आईचं म्हणणं, नकारच द्यायचा तर म्हशीची काळजी कशाला करतील? श्वासावरून काही अंदाज येतो का, म्हणून मी तिसरा निरोप परत लावला.

“दादा, फुडलं लाव,” बहीण म्हणाली.

चौथ्यात काका दुकानदाराला सांगत होते, हा माणूस घरी नाही म्हणतो आणि बोलतोही आहे. पाचव्यात नुसता श्वास. मग सहावा.

“पाव्हना, मी इतलं इचारं, तू एक सबद बोलत नही. तुमना मनमा नही व्हई तर ऱ्हाऊ द्या. आम्ही दुसरी पोर दखसूत.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे खुशाली विचारल्यावर समोरून उत्तर आल्याशिवाय कोणी कामाचं बोलत नाही, लग्नाचं तर नाहीच. काका दर वेळी माझ्या उत्तरासाठी थांबले होते, आणि माझं गप्प राहणं हाच आमचा नकार असं धरून घरी गेले होते.

त्यांच्या घरी फोन नव्हता आणि दुकान बंद झालं होतं. बहिणीने मोटरसायकलची चावी माझ्या हातात ठेवली. तिच्या डोळ्यांकडे बघायची माझी छाती झाली नाही. आईला मागे बसवून मी सुटलो.

प्रकाशाला पोचलो, तर काका घराच्या ओट्यावरच बसले होते. बसा म्हणाले नाहीत.

“तू घर व्हता का नव्हता?”

“नव्हता.”

“मंग बोलत कोन व्हतं?”

“मीच.”

मग मी यंत्र समजावलं, हातवारे करून, शिट्टीसकट. जितकं समजावलं तितका त्यांचा चेहरा काळजीचा होत गेला. शेवटी आईने मला दंडाला धरून बाजूला सारलं.

“भाऊ, आम्हले तुमना पोऱ्या पसंत शे. पोरले बी पसंत शे,” ती म्हणाली.

काकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग दाराकडे तोंड करून काकूंना हाक मारली.

“साखर आन. पोर चांगली शे. भाऊ काय तिना संगे सासरले येई ऱ्हायना का?”