ब्रॅकेटखालची पट्टी

आमचे हे फिटर. मोटर आणि पंप एका रेषेत आणणं हे यांचं काम. दोघांचे दांडे जिथे जोडले जातात, तिथे अलीकडे-पलीकडे लोखंडी ब्रॅकेट साखळीने आवळायचे, त्यांवर लेसरच्या डब्या बसवायच्या, दांडा फिरवायचा आणि फरक केसाएवढा उरेपर्यंत मोटरीच्या पायांखाली पातळ पत्रे सरकवायचे. एकतीस वर्षं हेच. कारखान्यात यांना ‘ओळंबा’ म्हणतात. घरातही भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली, तर भरल्या ताटावरून उठतील.

पण ओळंब्यालाच दृष्ट लागली. यांनी रेषेत लावलेल्या मोठ्या पंपाचं बेअरिंग दोनदा जळालं. साहेब म्हणाले, “तिसऱ्यांदा गेलं तर तुम्ही आपले स्टोअरमध्ये बसा. सावलीचं काम आहे.” काल घरी येऊन एवढंच सांगितलं. मी देवाला म्हटलं, बाबा रे, यांना त्या खुर्चीत बसवू नकोस, ती यांना खाईल.

आज सकाळी देवापुढे दिवा लावला. हे हात जोडायचे सोडून दिवाच सरळ करत बसले. हात काढला की तो कलायचा.

“अगं, खाली काय घातलंयस?”

“फडक्याची घडी. फळीला चरे पडतात ना.”

“काढ ती.”

“अहो, आधी नमस्कार तरी करा!”

घडी काढली, दिवा ताठ. हे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, “तुझी पट्टी.”

साखळीने नव्या दांड्याला ओरखडे पडतात म्हणून मागे साहेब ओरडले होते. तेव्हा मीच जुन्या लोकरी बंडीची मऊ पट्टी शिवून ब्रॅकेटखाली घालायला दिली होती. मऊ जागेवर बसलेलं ब्रॅकेट दांडा फिरताना कणभर हलायचं, आणि लेसर ते हलणंही मापात धरायचा. पूर्वी हे प्रत्येक माप दोनदा घ्यायचे. नव्या यंत्रावर ‘जुळलं’ म्हणून हिरवा दिवा लागायला लागल्यापासून एकदाच.

संध्याकाळी आले ते चपला काढता काढताच बोलू लागले. “पट्टी काढली, दांडा पुसला, माप तीनदा घेतलं. तिन्ही वेळा एकच! पंप चार तास चालला. बेअरिंग नुसतं कोमट.”

“आणि साहेब?”

“त्यांना सांगितलं, मऊ कापड मी घातलं होतं, चूक माझी. म्हणाले, आता माप दोनदा घेऊन वहीत लिहायचं. स्टोअरचं नाव नाही काढलं.”

“पण शिवली तर मी होती.”

“शिवलीस तू. आवळली कुणी?”

खिशातून पट्टी काढून त्यांनी तिने चष्मा पुसला. मी फळीवरची घडी परत घातली नाही. चरे पडले तर पडोत.