खटक्याला हळद-कुंकू

खटक्याला अक्कल नसती. ह्ये आदीच सांगून ठिवते, म्हंजी पुढं कुणी माझ्या अकलंवर घसरायचं न्हाय.

आमचं घर ढोकीच्या पल्याड, कारखान्याच्या रस्त्याला. मालक गेले तवा सुमन पाच वर्साची, बालाजी मांडीवर, आन् घरात एक पिठाची गिरणी. रडायला येळ कुणाला व्हता? दळणाचे डबे रांगंला लागलेले! पदर खवसला आन् पट्टा चढवला. तीस वर्सं गिरणी चालवली. त्या घरघरीत माणसाचं बोलणं कुठं ऐकू येतंय? समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं, व्हट कसे हालतेत त्ये बघायचं, की कळतंय ज्वारी हाय का गहू, जाड पायजे का बारीक. तीस वर्सं म्या कानानं न्हाय, डोळ्यानंच ऐकलं.

आता गिरणी बंद हाय. बालाजीनं त्याच खोलीत मंडप-साउंडचा धंदा मांडलाय. जिथं पिठाची पोती व्हती तिथं माणसाएवढाले काळे बॉक्स हुबे राहिलेत. म्हंजी बघा, आवाजानं माझे कान खाल्ले, आन् माझ्याच लेकानं आवाज भाड्यानं द्यायला काढला! बोला आता!

तर माझे कान गेलेत ह्ये कुणालाच ठावं न्हवतं. तोंड बघून बोलायची सवय कामाला आली. पाठमोरं कुणी बोललं तर म्या सरळ म्हनायची, "व्हय की!" धा पैकी आठ येळा त्येच्यातच भागतंय. (एकदा धाकट्या जावंनं इच्यारलं, "आक्का, भाजी खारट झाली का?" म्या म्हनलं, "व्हय की!" दोन दिस बोलली न्हाय. पण त्ये चालायचंच.)

लपवायचं कारण सांगते. आमच्याकडं नवरात्रात देवीपुढं बाया फेर धरून गाणी म्हनत्यात. पैलं गाणं एकीनं उचलायचं आन् बाकीच्यांनी झील धरायची. त्ये पैलं गाणं वीस वर्सं माझं हाय. दुसरं काय हाय हो माझं? गिरणी बंद पडली, दात पडले, गाणं तेवढं राहिलं. आन् झील ऐकू येत न्हाय म्हनल्यावर गाणं कोण ठिवील माझ्याकडं? गेल्या साली बायांची झील संपायच्या आदीच म्या पुढचं कडवं धरलं. सगळ्या म्हनल्या, "आज सुभद्राआक्काला लई चेव आलाय!"  चेव कसला डोंबलाचा! त्येंचं गाणं संपलं का सुरू हाय, मला काय बी कळंना!

मग लेकीकडं जाऊन येते म्हनून उमरग्याला गेले. सुमन तिथंच दिलीय. तिनं गुपचूप कानाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यो म्हनला, डावा कान गेला, उजवा निम्मा राहिलाय, मशीन लावा. म्या म्हनलं, दसरा झाल्यावर बघू. मशीन कानात दिसलं की झालंच की!

आता खटक्याचं ऐका. फोन नुसता कानाला लावला तर मला माशी गुणगुणल्यावानी ऐकू येतंय. म्हनून म्या बालाजीच्या साउंडच्या मशीनला फोन जोडून, त्यो मोठा हेडफोन कानावर चढवून सुमनशी बोलायची. बालाजीला सांगितलं, "कुणाला माझ्या बोलण्याचा तरास नको." त्येला वाटलं, माय लई समजूतदार हाय. पण मशीनला भोक एकच! बॉक्सची वायर काढा, हेडफोनची खोचा, परत ही काढा, ती खोचा. भोक सैल झालं तवा बालाजीनं एक पत्र्याची डबी बनवली. दोनी वायरी तिच्यात, आन् वर एक खटका. इकडं दाबला की आवाज बॉक्सात, तिकडं दाबला की कानात.

"माय, तुला वाचता येत न्हाय, तवा खुणा करू," त्यो म्हनला. "बॉक्सकडं कुंकू लाव, कानाकडं हळद. लाल म्हंजी गावाचं, पिवळं म्हंजी तुझं. फोनला बसायच्या आदी खटका पिवळ्याकडं हाय का तेवढं बघत जा."

म्या माझ्याच बोटानं दोन टिकल्या लावल्या. सा म्हयने कायसुदीक भानगड न्हाय.

आन् आली खंडेनवमी.

खंडेनवमीला ज्येच्यावर पोट चालतंय त्येची पूजा करायची. गावात ट्रॅक्टर धुतेत, कोयते, खुरपी पाटावर मांडतेत. आमच्या घरी पैल्यापसून पूजेचा मान माझा. (विधवा बाईनं कुंकवाला हात लावू नये म्हनणारे पैल्या वर्सी मायंदाळ आले व्हते. म्या एकेकाचं दळण तसंच परत धाडलं. जवळ दुसरी गिरणी न्हवती. सगळे गप!) तर त्या दिशी म्या येरवाळी उठून जुन्या गिरणीची पूजा केली, मग बॉक्सची, वायरीच्या वेटोळ्यांची, मग त्या डबीची. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. काय बी राहू दिलं न्हाय.

बालाजीनं बॉक्स अंगणात आणून, रस्त्याकडं तोंड करून मांडले, कारण सांच्याला देवीपुढं न्यायचे व्हते. एक गाणं वाजवून बघितलं, आन् सगळं तसंच चालू ठिवून मंडपाकडं पळाला. खटका बॉक्सकडं तसाच! आता ह्ये कुणाची चूक? पण आमच्या घरात चूक म्हातारीच्याच नावावर चढती.

म्या मागं खोलीत गेले. वायर फोनला खोचली. खटका बघितला तर तिकडं हळद दिसली. झालं! हेडफोन चढवला, भिताडाकडं तोंड केलं आन् सुमनला फोन लावला.

आन् काय सांगू, असा आवाज कवाच आला न्हवता! खणखणीत! नुसता कानात न्हाय, छातीत घुमायला, पाटावरच्या अक्षता हालायल्या. म्या म्हनलं, सणाच्या दिशी लेकीची माया अशीच असती.

"माय, मशीन कवा लावायचं गं?" सुमन म्हनली.

"हळू बोल. कुणी ऐकंल."

"हळू बोलले तर तुला ऐकू येतंय का? डावा कान पुरा गेलाय, उजवा निम्मा राहिलाय!"

"आज तर लई झ्याक ऐकू यायलंय! पण कुणाला सांगू नको. चंद्रीला तर बिलकुल न्हाय."

चंद्री म्हंजी चंद्रभागा, माझी धाकटी जाऊ. शेजारीच ऱ्हाती. माझ्यामागं गाणं उचलायचा मान तिचाच.

"चंद्राकाकूला भ्यायचं काय त्येच्यात?" सुमन म्हनली. "तिचा आवाज कोरड्या रहाटावानी हाय, असं तूच म्हनतीस ना?"

"म्हनते की! खोटं हाय का?"

"आन् गेल्या साली झील चालू असतानाच कडवं धरलंस, त्ये कुणाला तरी कळलं का?"

"कुणाला न्हाय!" म्या छाती काढून म्हनलं. "सगळ्यांना वाटलं चेव आलाय!"

तेवढ्यात कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. वळून बघितलं तर चंद्री! तिच्यामागं दारात चार बाया, त्येंच्यामागं पल्याडचे तात्या, हातात ट्रॅक्टर धुवायचा ओला फडका. चंद्रीचे व्हट हालले. म्या वाचले: "आक्का, खटका."

म्या हेडफोन काढून हातात घेतला. तर सुमन बोलायलीच! हेडफोन माझ्या हातात आन् लेक अंगणात! "माय? अगं माय, ऐकायलीस ना?" चार बॉक्सांतून!

तात्या माझ्याकडं तोंड करून, सावकाश, सगळ्यांसमोर म्हनले, "वयनी, तुमाला ऐकू येत न्हाय ह्ये आता कारखान्यापस्तोर ऐकू गेलं!"

आन् हसले की हो सगळे! ट्रॅक्टरं सोडून हसायला आले! ह्येंच्या तीन पिढ्यांचं पीठ दळलं म्या, आन् माझ्या कानावर हसायलेत! म्या ताडकन् वायर उपटली. (चुकून ती लाइटाच्या माळंची निघाली. सुमन आजून दोन मिंटं बोलत व्हती.)

बालाजी पळत आला. "माय, खटका कुठं व्हता?"

"हळदीकडं!"

त्येनं डबी उचलून बघितली. "माय, दोनीकडं हळद हाय. आन् दोनीकडं कुंकू!"

"मग? खंडेनवमी हाय! निम्म्या खटक्याची पूजा करू आन् निम्मा उघडा ठिवू? देवी काय म्हनंल?"

त्येनं डबी खाली ठिवली आन् माझ्यासमोर उकिडवा बसला, मला तोंड दिसावं असा.

"कान गेला त्ये मला का सांगितलं न्हाईस?"

"तू कवा इच्यारलंस?"

"इच्यारलं असंल गं," त्यो बारीक तोंड करून म्हनला, "तुला ऐकू आलं नसंल."

आता ह्या पोराला मारावं का जवळ घ्यावं? म्या दोन्हीतलं काय बी केलं न्हाय. उठले आन् चुलीपाशी जाऊन बसले. गाणं गेलं, ह्ये कळून चुकलं व्हतं. मालक गेले तवा जेवढं बोलले न्हाय तेवढं त्या दिशी मनातल्या मनात बोलले. डबीला, खटक्याला, बालाजीला, डॉक्टरला, सगळ्यांना.

सांच्याला चंद्री न्यायला आली. म्या मान वळवली. म्हंजी तिचं तोंड दिसत न्हवतं, म्हंजी ती काय म्हनती कळायचं कारण न्हवतं. तर तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं फिरवलं!

"चला. गाणं उचलायचंय तुमाला."

"तू उचल. रहाट हाय ना तुझा!"

"रहाट हाय तर हाय. रहाट पाणी तरी देतंय," चंद्री म्हनली. "आक्का, पुढं गाणाऱ्याला कशाला कान लागतेत? कान आमाला लागतेत, तुमच्यामागं जायला. झील संपली की म्या तुमचं मनगट दाबते. मग धरा पुढचं कडवं."

गेले. काय करणार? सगळा फेर माझ्या तोंडाकडं बघत व्हता. म्या गाणं उचललं, बायांनी झील धरली, चंद्रीनं मनगट दाबलं, म्या कडवं धरलं. एक बी कडवं चुकलं न्हाय! पण बयेनं रहाटाचा राग मनगटावर काढला. चार दिस वळ गेला न्हाय. आन् आता गावात ज्यो भेटंल त्यो माझ्या कानाशी येऊन बोंबलतोय. अरे, मला व्हट बघू द्या की! कानात काय वरडता, तिथं कोण हाय?

दसरा झाला, मशीन कानात आलं, पण फोनला आजून हेडफोनच लागतोय. बालाजीनं डबीला दोन बारके दिवे बसवले. कानाकडं खटका असंल तर हिरवा, बॉक्सकडं असंल तर लाल. हळद-कुंकू आता डबीपसून चार हात लांब.

"आता चुकायचं कामच न्हाय, माय," त्यो म्हनला. "सांग बरं, कुठला लागलाय?"

म्या डबी जवळ धरली, लांब धरली. धुक्यात चांदणी दिसावी तसं काईतरी लुकलुकत व्हतं.

"हिरवा!" म्या ठणकावून सांगितलं. पोरगं खूश हून निघून गेलं. म्हंजी बरोबर असंल, न्हायतर त्येनं ऐकलं नसंल.

आता सुमनला फोन करून इच्यारायचंय, उमरग्याला डोळ्याचा डॉक्टर कसा हाय म्हनून. फकस्त त्येच्या आदी कुणीतरी येऊन बघा रे बाबांनो, खटका कुठल्या बाजूला हाय!