पाणी न धरणारी पायरी

जयपूरला पीएचडी करत होते तेव्हा माझं काम होतं थेंबांकडे बघत बसणं. खरंच! दगडाच्या चकतीवर पॉलिमरचा पातळ, पारदर्शक लेप द्यायचा आणि वाळला की वर पाण्याचा थेंब सोडायचा. थेंब पसरला तर मेहनत पाण्यात. टपोरा राहून घरंगळला तर मी खूश. मग चित्रकलेच्या पेन्सिली, मऊपासून टणकपर्यंत, एकेक करून लेपावर दाबून ओढायच्या आणि ओरखडा कुठल्या पेन्सिलीनं उठतो ते बघायचं. पाणी झटकणारे लेप मेले मऊ निघायचे, आणि टणक लेपांवर पाणी खुशाल पसरायचं. दोन्ही गुण एका लेपात यायला मला तीन वर्षं लागली. प्रयोगशाळेमागच्या झालान्याच्या जंगलातून मोर ओरडायचे, आणि मी खिडकीशी बसून थेंबातली उलटी झाडं, उलटं आकाश बघत राहायची. दुपार कधी सरली ते कळायचंही नाही.

घरी, जवाहर नगरात, आई रोज सकाळी दारातली लाल दगडाची पायरी धुवायची आणि ठिपक्यांची रांगोळी काढायची. बाबांच्या बँकेच्या बदल्यांमागे आम्ही पाच गावं फिरलो, पण तिची रांगोळी एक दिवस चुकली नाही. माझा लेप जमला त्या वर्षी मात्र तिच्या हाताला कंप सुटला. वाढतच जाईल, असं डॉक्टर म्हणाले. ठिपके भलतीकडेच पडू लागले. "चष्मा बदलायला हवा," आई म्हणायची, आणि मला तिचा असा राग यायचा! राग कसला, भीतीच वाटायची.

मग एका सकाळी, का कोण जाणे, तिचा हात शांत होता. तिनं कमळ काढलं. अगदी पूर्वीसारखं, एक पाकळी इकडची तिकडे नाही. मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. मला वाटलं, हे बहुतेक शेवटचं. हे जाऊ द्यायचं नाही.

त्याच दुपारी आईबाबा चौमूंला एका लग्नाला गेले, दोन रात्रींच्या मुक्कामाला. मी प्रयोगशाळेतून माझ्या लेपाची बाटली आणली. आधी ड्रॉपरनं थेंब थेंब सोडून रांगोळीची पूड भिजवली, मग अख्ख्या पायरीला लेप दिला. कोणाला पाय ठेवू दिला नाही. दूधवाल्या भैयालाही मागच्या दारानं यायला लावलं.

आई परतली. "अगंबाई! हे अजून आहे?" तिनं तांब्यातलं पाणी ओतलं. थेंब कमळावरून टणाटण उड्या मारत पळाले. ती हसली, पुन्हा ओतलं, पुन्हा हसली. मी तर हवेत तरंगत होते.

दुसऱ्या सकाळी ती सवयीनं रांगोळीचा डबा घेऊन बसली. गुळगुळीत लेपावर पूड ठरेना. जरा वारा आला की सरसर घसरून जायची. कोपऱ्यात जागा शोधली, तर तिथेही माझा लेप. आठवडाभर ती डबा मांडीवर घेऊन नुसती बसून राहायची.

शेवटी मी म्हटलं, "अगं, आता काढायचीच कशाला? मतलब, आहे ना छान!"

"ते त्या दिवशीचं आहे, बाई," ती म्हणाली. "हात थरथरतो ते मला कळत नाही असं वाटतं तुला? म्हणून तर रोज काढायची. आज कितपत जमतंय ते मला बघायला नको?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी पटाशी घेऊन बसले. सगळ्यात टणक पेन्सिलीलाही न बधलेला लेप, माझाच. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत खरवडला. कमळ तुकड्यातुकड्यानं निघालं. एक पाकळी उरली तेव्हा मी विचारलं, "ही राहू दे?"

"काढ," आई म्हणाली.

सोमवारी तिनं पाणी ओतलं. ते पसरलं, खरबरीत दगडात मुरलं. तिनं ठिपके मांडले, वाकडेतिकडे. रेघा जुळल्या नाहीत. मागे सरकून ती बराच वेळ बघत राहिली.

"हं. एवढं येतंय अजून," ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी ते तिनंच धुऊन टाकलं, आणि डबा उघडला.